श्रमदान आणि धनदान

बंगळूर शहराच्या वायव्य भागात भारतीय विज्ञान संस्थेचा वृक्षराजीने वेढलेला विस्तीर्ण परिसर आहे. या संस्थेची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. १८९८ साली जमशेटजी टाटा यांनी उच्च विज्ञान-संशोधनाच्या विद्यापीठाची योजना देशापुढे मांडली आणि तिच्यासाठी मुंबईतील आपल्या स्थावर मिळकतीचा मोठा भाग देऊ केला. १९०४ साली ते निवर्तले तेव्हा योजना कागदावरच होती. पुढे म्हैसूरच्या राजघराण्याने ३७१ एकर जमीन दिली, सरकारने संमती दिली आणि १९०९ साली संस्था अस्तित्वात आली. व्यापाऱ्याचे धन, राजाची भूमी आणि विद्वानांचे परिश्रम असा हा त्रिवेणी संगम होता. बंगळूरचे जुने रहिवासी तिला अजूनही टाटा इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखतात; परंतु तेथे कोणते संशोधन व्हावे हे टाटांच्या पेढीवर ठरत नाही. देणाऱ्याचे नाव राहावे आणि त्याची सत्ता राहू नये, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही.

याच परिसरात, सुमारे नव्वद वर्षांनंतर, एका वेगळ्या प्रकारच्या विद्येचे उपासक एकत्र जमू लागले. ती विद्या म्हणजे संगणकाच्या मुक्त आज्ञावलींची. त्यांच्या बंगळुरातील इतिहासातही हाच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला: विद्या सर्वांची, तर तिचा खर्च कोणाचा?

मुक्त आज्ञावली म्हणजे काय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. संगणक हे यंत्र स्वतः काहीच जाणत नाही. त्याने काय करावे हे मनुष्य त्याला आज्ञावलीच्या, म्हणजेच सॉफ्टवेअरच्या, रूपाने लिहून देतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक आज्ञावलींचा मूळ मजकूर विक्रेता गुप्त ठेवतो. मुक्त आज्ञावलीचा मजकूर मात्र सर्वांना खुला असतो. कोणीही तो वाचावा, तपासावा, दुरुस्त करावा आणि दुसऱ्यास द्यावा. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या तत्त्वावर एक संपूर्ण प्रणाली रचण्याचा संकल्प सोडला आणि १९८५ साली त्या कार्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स या प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. हजारो अपरिचितांनी त्यात आपापली भर घातली आणि आज जगातील बहुसंख्य मोठे संगणक त्याच गाभ्यावर चालतात.

अशा आज्ञावलीची तुलना पाणपोईशी करता येईल. वाटसरूला पाणी फुकट मिळते, म्हणून ते फुकट येते असे नव्हे. कोणीतरी पहाटे उठून रांजण भरतो, तो घासतो, फुटला तर नवा आणतो. रांजण भरणाऱ्याचे श्रम आणि नव्या रांजणाचे मोल या दोन्ही गोष्टी कोठून तरी याव्याच लागतात. वाटसरूंची संख्या वाढत गेली आणि रांजण भरणारा एकटाच राहिला, तर पाणपोई फार दिवस टिकत नाही.

बंगळूर हे या विद्येचे केंद्र व्हावे यात नवल नव्हते. स्वातंत्र्यानंतरच्या काळात विमाने, दूरध्वनी, विद्युत्-उपकरणे यांचे सरकारी कारखाने या शहरात वाढले आणि त्यांच्याबरोबर कुशल अभियंत्यांचा मोठा वर्ग तयार झाला. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस ही संस्था १९८३ साली बंगळूरला गेली. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी उद्योगसंस्थेने तेथे आपले केंद्र उघडले. पुढील दोन दशकांत परदेशी गिऱ्हाइकांसाठी आज्ञावली लिहून देण्याचा व्यवसाय या शहरात अफाट वाढला. परंतु हा व्यवसाय मुख्यतः मजुरीचा होता. लिहिलेली आज्ञावली गिऱ्हाइकाची. लिहिणाऱ्याचे नाव तिच्यावर नसे आणि ती पुन्हा पाहण्याचा अधिकारही त्याला नसे.

या वातावरणात अतुल चिटणीस या गृहस्थांनी निराळा मार्ग धरला. चिटणीसांचा जन्म १९६२ साली बर्लिनमध्ये झाला. त्यांची कर्मभूमी बंगळूर. सर्वसामान्य भारतीयांना इंटरनेट १९९५ साली उपलब्ध झाले, परंतु त्यापूर्वीच दूरध्वनीच्या तारांवरून संगणकांना परस्परांशी बोलते करण्याच्या खटपटीत ते रमले होते. १९९६ साली पीसीक्वेस्ट या नियतकालिकाने, त्यांच्या पुढाकाराने, आपल्या अंकाबरोबर लिनक्स प्रणालीची चकती वाचकांना दिली. आज या घटनेचे महत्त्व चटकन ध्यानात येणार नाही. त्या काळच्या दूरध्वनीवरून एवढी मोठी आज्ञावली उतरवून घेणे म्हणजे दिवसेंदिवस तार अडवून ठेवणे आणि तिचे बिल भरणे होते. अंकाच्या किमतीत ती घरपोच मिळाल्यामुळे देशातील अनेक तरुणांना लिनक्सचे पहिले दर्शन या चकतीतून घडले. येथेही श्रम आणि धन यांची जोड होती. आज्ञावली जगभरच्या स्वयंसेवकांची, चकती एका व्यापारी प्रकाशनाची.

२००१ साली बंगळुरातील लिनक्सप्रेमींनी ‘लिनक्स बंगलोर’ या नावाचे संमेलन भरविले. त्याची आरंभीची अधिवेशने विज्ञान संस्थेच्या परिसरात झाली. व्यवस्था पाहणारे सारे स्वयंसेवक होते; दिवसा नोकरी आणि रात्री संमेलनाची तयारी असा त्यांचा क्रम असे. सभागृहाचे भाडे, पाहुण्यांचा प्रवास, ध्वनिक्षेपक यांचा खर्च मात्र उद्योगसंस्थांच्या देणग्यांतून निघे. २००५ साली संमेलनाने ‘फॉस डॉट इन’ हे व्यापक नाव धारण केले. फॉस हे मुक्त व खुल्या आज्ञावलींच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षररूप होय. देशोदेशीचे नामवंत आज्ञावलीकार बंगळूरला येऊ लागले आणि आशियातील अशा प्रमुख संमेलनांत त्याची गणना होऊ लागली.

परंतु चालकांना एक शल्य होते. या देशात मुक्त आज्ञावली वापरणारे उदंड होते. तीत भर घालणारे थोडे. म्हणून पुढील वर्षांत त्यांनी संमेलनाचा रोख बदलला. भाषणे ऐकून टाळ्या वाजविण्यापेक्षा तेथेच बसून प्रत्यक्ष काम करावे, दोष शोधावेत, ते दुरुस्त करावेत, यावर भर देण्यात आला. नुसत्या प्रेक्षकाला हे रुचणारे नव्हते. पण घेणाऱ्याने देणारा व्हावे हा आग्रह चालकांनी सोडला नाही.

२०१२ साली निम्हान्सच्या सभागृहात ‘फॉस डॉट इन’चे अखेरचे अधिवेशन झाले. पुढील वर्षी, ३ जून २०१३ रोजी, अतुल चिटणीस कालवश झाले. संमेलनाने जोडलेली माणसे राहिली, त्यांनी शिकलेले काम राहिले. परंतु संमेलन राहिले नाही. त्याच्यामागे दरसाल पुन्हा गोळा करावी लागणारी वर्गणी होती, स्थायी निधी नव्हता. त्याच्यामागे काही व्यक्तींची जिद्द होती; ती जिद्द थकल्यावर किंवा मावळल्यावर काम पुढे नेणारी कायम व्यवस्था नव्हती. उत्साह आणि संस्था यांतील अंतर येथे उघड झाले.

पाश्चात्य देशांत हे अंतर भरून काढण्यासाठी प्रतिष्ठानांची पद्धत रुजली होती. १९९९ साली स्थापन झालेल्या अपाची प्रतिष्ठानाने सभासदत्व केवळ व्यक्तींना दिले. उद्योगसंस्थांनी देणगी द्यावी, परंतु मत देण्याचा अधिकार काम करणाऱ्या माणसांचा, असा त्याचा दंडक आहे. २००० साली स्थापन झालेल्या ग्नोम प्रतिष्ठानात संचालक मंडळ सभासदांनी निवडलेले असते आणि उद्योगसंस्थांना सल्लागार मंडळात स्थान मिळते. २००७ सालच्या लिनक्स प्रतिष्ठानाची घडण निराळी. तेथे मोठी वर्गणी भरणाऱ्या उद्योगसंस्थांचे प्रतिनिधी कारभारी मंडळात बसतात. धन घ्यावे की न घ्यावे हा वाद या तिन्ही ठिकाणी नव्हता. धनाबरोबर किती अधिकार द्यावा, एवढाच प्रश्न होता, आणि प्रत्येकाने त्याचे उत्तर आपल्या परीने दिले.

धन मुळीच न मिळाल्यास काय होते, हे एप्रिल २०१४ मध्ये जगाला कळले. इंटरनेटवरील गुप्त व्यवहाराचे रक्षण करणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ या नावाने ओळखला गेलेला गंभीर दोष आढळला. पेढ्यांपासून दवाखान्यांपर्यंत लक्षावधी ठिकाणचे व्यवहार त्या आज्ञावलीच्या भरवशावर चालत होते. चौकशीअंती असे दिसून आले की, तिचा सांभाळ करणाऱ्या प्रतिष्ठानाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर एवढीच देणगी मिळत होती आणि पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य एकच होता. कुलूप सर्वांचे होते. पण त्याला तेल घालण्याचे काम कोणाचेच नव्हते. त्याच महिन्यात मोठमोठ्या उद्योगसंस्थांनी लिनक्स प्रतिष्ठानाच्या द्वारे अशा आज्ञावलींसाठी निधी उभारण्याचे ठरविले. घर गळू लागल्यावर कौले शाकारण्यासारखाच हा प्रकार होता. तथापि उशिरा का होईना, शहाणपण आले.

महाराष्ट्राला असा प्रश्न अगदीच अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लक्ष रुपयांचे आश्वासन दिले. ते स्वतः चित्रकार असल्याने ग्रंथ सचित्र व्हावा अशी त्यांची इच्छा होती. ती इच्छा चित्रांपुरती राहिली. कोणता पाठ ग्राह्य आणि कोणता त्याज्य, याचा निर्णय मात्र देशभरातून जमविलेल्या हस्तलिखितांच्या पुराव्यावरून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांचे सहकारी विद्वान करीत राहिले. एका पिढीने आरंभिलेले ते कार्य १९६६ साली दुसऱ्या पिढीच्या हातून पूर्णत्वास गेले. आरंभीचे आश्रयदाते आणि संपादक तोवर काळाच्या पडद्याआड गेले होते. संस्था होती म्हणून काम थांबले नाही.

मुक्त आज्ञावलींच्या क्षेत्रात भारतात अशी संस्था उभी राहिली तिचे मूळ मुंबईत आहे. रुषभ मेहता यांच्या कुटुंबाचा लाकडी सामानाचा व्यवसाय होता. मालाचा साठा, हिशेब, पगार या साऱ्यांची नोंद एकत्र ठेवणारी आज्ञावली विकत घेऊन मनाजोगती चालेना, म्हणून त्यांनी ती स्वतः लिहावयास घेतली. त्यातून २००८ साली फ्रापे ही उद्योगसंस्था जन्मास आली. पुढे ईआरपीनेक्स्ट या नावाची त्यांची आज्ञावली जगाला मुक्त करण्यात आली आणि देशोदेशीचे लहान कारखानदार तिचा उपयोग करू लागले. तिच्या संवर्धनासाठी एक ना-नफा प्रतिष्ठान स्थापन झाले होते. २०२० साली या प्रतिष्ठानाने आपले क्षेत्र विस्तारले, एका आज्ञावलीऐवजी देशातील सर्व मुक्त आज्ञावलींच्या कार्यास वाहून घेतले आणि ‘फॉस युनायटेड’ हे नाव घेतले.

या विस्तारामागे बंगळूरच्या एका उद्योगसंस्थेचे बळ होते. २०१० साली नितीन आणि निखिल कामत या बंधूंनी स्थापन केलेली झेरोधा ही पेढी रोखेबाजारातील दलालीचा व्यवसाय करते. तिच्या तंत्रविभागाचे प्रमुख कैलाश नाध हे स्वतः मुक्त आज्ञावली लिहिणारे. पेढीचा सारा डोलारा लिनक्स, पोस्टग्रेस यांसारख्या फुकट मिळालेल्या आज्ञावलींवर उभा आहे, ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही. उलट वारंवार जाहीरपणे सांगितली. ज्या विहिरीचे पाणी पिऊन शेत पिकले तिच्या उपशाचा खर्च उचलावा, एवढाच त्यामागचा साधा न्याय होता. फॉस युनायटेडला या पेढीचे आणि फ्रापेचे द्रव्यसाहाय्य लाभले. इतरही उद्योगसंस्था पुढे आल्या.

परंतु प्रतिष्ठान केवळ धनावर चालले असते तर ते एखाद्या पेढीचे जाहिरात-खाते झाले असते. त्याचा प्राण निरनिराळ्या शहरांतील मंडळ्यांत आहे. बंगळूर, मुंबई, पुणे, दिल्ली आदी शहरांत स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी एकत्र जमतात. एखादा विद्यार्थी आपली पहिली दुरुस्ती कशी स्वीकारली गेली हे सांगतो, एखादा अनुभवी अभियंता आपल्या चुका सांगतो. जागा कोणी कचेरीतील रिकामी खोली देऊन भागवितो, तर कोणी चहाची व्यवस्था पाहतो. होतकरू आज्ञावलीकारांना प्रतिष्ठान अनुदान देते, आज्ञावली-रचनेच्या स्पर्धा भरविते आणि ‘इंडियाफॉस’ हे वार्षिक संमेलन घेते. २०१२ साली ज्या निम्हान्सच्या सभागृहात जुन्या संमेलनाचा शेवट झाला होता, त्याच ठिकाणी २०२४ साली हे नवे संमेलन भरले. मधल्या बारा वर्षांत संमेलनामागे एक संस्था उभी राहिली होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये झेरोधाने याहून मोठे पाऊल टाकले. दरवर्षी १० लक्ष डॉलर जगातील मुक्त आज्ञावलींना द्यावयाचे, असा ‘फ्लॉस फंड’ नावाचा निधी तिने जाहीर केला. एका प्रकल्पास १०,००० पासून १,००,००० डॉलरपर्यंत साहाय्य मिळावे अशी योजना होती. अर्जाची रीतही सुटसुटीत ठेवली. आपल्या कार्याची आणि गरजेची माहिती प्रकल्पाने ठरावीक नमुन्यात स्वतःच्याच जागी प्रसिद्ध करावी, म्हणजे कोणताही दाता ती वाचू शकेल. २०२५ साली या निधीचे पहिले वाटप झाले. दशकानुदशके जे शहर परदेशी गिऱ्हाइकांचे काम मजुरीने करीत आले, त्याच शहरातून परदेशी आज्ञावलीकारांच्या कामास आश्रय जाऊ लागला, ही घटना इतिहासकाराने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

याचा अर्थ सर्व आलबेल आहे असा मात्र नाही. दाते मोजके असले की संस्थेचे भवितव्य त्यांच्या ताळेबंदाशी बांधले जाते. रोखेबाजाराला तेजीप्रमाणे मंदीही ठाऊक असते, आणि चालकांची मने बदलत नाहीत असेही नाही. मुक्त आज्ञावलींचे वाटसरू या शहरात असंख्य; रांजणाचे मोल देणारे त्या मानाने अल्प. एका उदार दात्यापेक्षा शंभर साधारण दाते हेच कोणत्याही प्रतिष्ठानाचे खरे रक्षण होय. तितकाच महत्त्वाचा प्रश्न श्रमांचा आहे. स्वयंसेवकांच्या उत्साहाला फुकटची मजुरी समजण्याची खोड उद्योगसंस्थांना लागली, तर धन असूनही हात थकतील.

हात थकल्यावर ओढवणारे संकट मार्च २०२४ मध्ये दिसून आले. एक्सझेड या लहानशा, परंतु सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीचा भार एकाच थकलेल्या स्वयंसेवकावर होता. कोणी अज्ञात इसम टोपणनावाने सुमारे दोन वर्षे त्याला मदत करीत राहिला, विश्वास संपादून अधिकार मिळविला आणि अखेर तिच्यात चोरदरवाजा बसविला. तो उघडकीस आला योगायोगाने. मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीस असलेले आणि पोस्टग्रेसच्या कामात वाटा उचलणारे अँड्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला आणि त्यांनी त्याचा माग काढला. मजकूर खुला होता म्हणून त्यांना तो वाचता आला, आणि उद्योगसंस्थेची नोकरी होती म्हणून असल्या शोधासाठी त्यांना सवड होती. जगावरचे अरिष्ट टळले ते या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे.

सामान्य मराठी माणसाला हा सारा व्यवहार दूरचा वाटेल. पण तो तसा नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘लोहित’ नावाची अक्षरवळणे रेड हॅट या उद्योगसंस्थेने मुक्त केली आणि त्यांच्या देखभालीचे बरेचसे काम पुण्यात झाले. लिनक्स-संगणकावर देवनागरी मजकूर स्वच्छ दिसू लागला त्यात त्या अक्षरांचा मोठा वाटा आहे. त्या प्रणालींतील सूचना मराठीत आणण्याचे काम स्वयंसेवकांनी केले. अक्षरे उद्योगाच्या धनाने आली, शब्द भाषेच्या प्रेमाने आले. एकाच्या अभावी दुसरे व्यर्थ होते.

बंगळूरच्या या पाव शतकाच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष नवा नाही. टाटांच्या देणगीत आणि म्हैसूरच्या भूमिदानात तो होताच. समाजाचे श्रम कार्याला प्राण देतात, परंतु आयुष्य देत नाहीत. उद्योगाचे धन कार्याला आयुष्य देते, परंतु त्याची दिशा ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाती गेला तर प्राण जातो. या दोहोंमध्ये उभे राहून दोघांचाही स्वीकार करणारी आणि दोघांनाही आपापल्या मर्यादेत ठेवणारी व्यवस्था, हेच प्रतिष्ठानाचे प्रयोजन होय. अतुल चिटणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसे जोडली. त्यांच्यामागून आलेल्यांनी निधी आणि संस्था जोडली. ही संस्था तिच्या आजच्या दात्यांनंतर आणि आजच्या स्वयंसेवकांनंतरही चालू राहते किंवा नाही, यावरच या प्रयत्नाचे यशापयश पुढील पिढी ठरवील.